समुद्राचा नसलेला समुद्रपक्षी

पदव्युत्तर वर्गाला नाटक शिकवताना चेखव्हचे 'सीगल' येते, आणि 'सीगल' आले की फळ्यावर त्याचा मराठी प्रतिशब्द लिहिण्याची जबाबदारी येते. आम्ही वर्षानुवर्षे तेथे 'समुद्रपक्षी' असा शब्द लिहीत आलो. कोणी हरकत घेतली नाही. कोल्हापुरापासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. मध्ये सह्याद्री उभा. वर्गातली निम्मी मुले गगनबावड्याचा घाट सहलीखेरीज उतरलेली नसतात. त्यांच्या दृष्टीने समुद्रपक्षी म्हणजे समुद्रावरचा कोणी तरी पांढरा पक्षी, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याही दृष्टीने तेवढाच. एका वर्षी मात्र आजऱ्याकडच्या एका विद्यार्थ्याने मधेच विचारले, "सर, सगळं नाटक तर तळ्याकाठी घडतं. मग तिथं समुद्रपक्षी कुठनं आला?"

प्रश्न रास्त होता. सोरिनच्या इस्टेटीवर तळे आहे, तळ्याकाठी त्रेप्लेव्हने उभारलेला कामचलाऊ रंगमंच आहे, नीना आपल्याला तळ्याची ओढ आहे असे सांगते, आणि त्रेप्लेव्ह जो पक्षी मारून तिच्या पायाशी टाकतो तो त्याच परिसरातला आहे. समुद्र नाटकात कोठेही नाही. आम्ही तेव्हा "ते प्रतीक आहे" असे सांगून वेळ मारून नेली. साहित्याच्या अध्यापकाला हे वाक्य किती वेळा वाचवते, याचा हिशेब कोणी तरी करायला हवा.

नंतर शोध घेतला तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी की रशियन शीर्षकात समुद्र नाहीच. 'चायका' हा साधा शब्द. तो गल या पक्ष्याचे नाव सांगतो, त्याचा पत्ता सांगत नाही. समुद्र जोडला तो इंग्रजी भाषांतराने, आणि इंग्रजीच्या दारातून नाटक आपल्याकडे आले म्हणून तो आपल्या फळ्यावरही आला. पुढे १९७० साली रिचर्ड बाखचे 'जोनाथन लिव्हिंग्स्टन सीगल' निघाले आणि जगभरच्या महाविद्यालयीन तरुणांच्या हाती गेले. त्यानंतर हा पक्षी म्हणजे अथांग सागरावरचा मुक्तात्मा, हे समीकरण इतके घट्ट झाले की चेखव्हचे तळे कोणाच्या डोळ्यांना दिसेनासे झाले.

मराठी पक्षिनामांत गल म्हणजे 'कुरव' आणि त्याचा सडपातळ, दुभंगल्या शेपटीचा भाऊबंद टर्न म्हणजे 'सुरय', ही जोडी आता रूढ आहे. 'कुरव' ऐकल्याबरोबर वर्गातली मुले 'कु' अधिक 'रव' असा विग्रह करून मोकळी होतात: वाईट आवाजाचा तो कुरव. त्याहून थोडे अधिक वाचलेल्यांना 'कुररी' आठवते. 'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात लक्ष्मण सीतेला गंगेपलीकडे सोडून दिसेनासा होतो तेव्हा ती भेदरलेल्या कुररीसारखा आक्रोश करते. 'विक्रमोर्वशीया'च्या आरंभी आकाशातून येणारा अप्सरांचा टाहो कुररींच्या आवाजासारखा वाटतो. भागवताच्या दशम स्कंधाच्या अखेरीस कृष्णाच्या राण्या कुररीला तिच्या जागरणाचे कारण विचारतात. म्हणजे संस्कृत कवींना हा पक्षी ऐकू येतो, दिसत नाही. 'कुररी' हा स्त्रीच्या आकांताचा संकेत आहे. तिची चोच कशी, पाय कसे, याची विचारपूस करण्याची गरज कवीला वाटलेली नाही. 'अमरकोशा'ने कुररला 'उत्क्रोश' हा पर्याय दिला आहे, तोही आवाजावरूनच. के. एन. दवे यांनी संस्कृत वाङ्मयातील पक्ष्यांवर १९८५ मध्ये जो मोठा ग्रंथ सिद्ध केला त्यातून हे पुरेसे स्पष्ट होते की एकेका संस्कृत नावाखाली अनेक पक्षी नांदतात. कुररच्या बाबतीत मासे मारणारे शिकारी पक्षी आणि सुरय या दोहोंकडे बोट जाते. तेव्हा 'कुरव' आणि 'कुरर' यांचे ध्वनिसाम्य मोहक असले तरी त्यावर व्युत्पत्तीचा इमला चढवू नये. मारुती चितमपल्लींच्या २००२ च्या 'पक्षिकोशा'ने मराठी पक्षिनामांचा संसार पुष्कळ सावरला आहे. पण नाव सापडले म्हणजे पक्षी सापडला असे नव्हे.

पक्षी सापडला तो उजनीला.

फलटण-बारामतीमार्गे भिगवणला पोहोचून आम्ही डिकसळजवळ होडीत बसलो तेव्हा जानेवारी सरत आला होता. लोक येथे रोहित पक्षी पाहायला येतात. होडीवाल्यानेही आम्हाला गृहीत धरून तिकडेच वळवले. वाटेत होडीमागे लहान कुरवांचा थवा लागला. शेव-फरसाण फेकले की हवेतल्या हवेत झेलणारे, कलकलाट करणारे, हाताएवढ्या अंतरावर येणारे हे तपकिरी डोक्याचे कुरव. कोकणच्या बंदरांतही हेच जास्त दिसतात, आणि 'सीगल' म्हणून मोबाइलमध्ये जातात ते हेच. पण पुढे एका उथळ पाण्यातल्या मातीच्या पट्ट्यावर, या गर्दीशी आपला काही संबंध नाही अशा थाटात, तीन मोठे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. लहान कुरव त्यांच्या शेजारी पिलांसारखे दिसत होते.

हा पॅलासचा कुरव. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला मोठा काळ्या डोक्याचा गल म्हटले आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत ६० ते ७२ सेंटिमीटर, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास, आणि वजन कधी कधी दोन किलोच्या घरात. पंखांचा विस्तार घारीएवढा, अंगाने मात्र तिच्याहून पुष्कळ भारी. जगातल्या सर्वांत मोठ्या कुरवांत याची गणना होते. कपाळ लांब आणि उतरते, त्यामुळे चेहऱ्याला एक प्रकारचा करारीपणा येतो. चोच जाड, पिवळी. टोकाजवळ काळा पट्टा आणि टोकाशी लाली. पाठ फिकट राखाडी, पोट पांढरेशुभ्र, पाय हिरवट पिवळे. पंख उघडले की टोकांना थोडा काळा रंग दिसतो, पण त्याच्याही पलीकडे पांढऱ्या कडा. पहिल्या हिवाळ्यातले पिलू तपकिरी ठिपक्यांचे असते आणि त्याच्या पांढऱ्या शेपटीला काळी रेघ असते. प्रौढ पिसारा यायला चौथे वर्ष उजाडते.

आणि डोके? येथे नावाने पुन्हा घोटाळा केला आहे. 'काळ्या डोक्याचा' म्हणून ज्याची ख्याती तो आपल्याकडे हिवाळ्याच्या सुरुवातीला येतो तेव्हा पांढऱ्या डोक्याचा असतो. डोळ्याभोवती आणि मागे काजळ फिसकटावे तशी एक काळपट छटा, बस. काळे डोके हा विणीच्या काळाचा साज आहे. लहान कुरवांचेही तेच: तपकिरी डोक्याचा म्हणवणारा पक्षी डिसेंबरात तुमच्यासमोर पांढरे डोके घेऊन येतो. नाव ज्याने ठेवले त्याने पक्षी विणीच्या साजात पाहिला होता. आपण पाहतो तो पक्षी त्या नावात मावत नाही. मात्र या थोरल्या कुरवाचे एक वैशिष्ट्य आहे. तो इतरांआधी साज चढवतो. जानेवारी-फेब्रुवारीतच, म्हणजे उजनीच्या पाण्यावर असतानाच, त्याचे डोके काळे होऊ लागते. आम्ही पाहिलेल्या तिघांपैकी एकाची टोपी पूर्ण झाली होती. त्या काळ्या मखमलीत डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी. दुसऱ्याची अर्धवट होती. तिसरा अजून पांढराच.

तासभर आम्ही त्यांना पाहिले आणि त्या तासात त्यांनी फारसे काही केले नाही. एकदा एका पाणकावळ्याने मासा वर आणला तेव्हा टोपीवाला पक्षी सावकाश उठला, दोन-चार जड पंख मारून त्याच्यावर गेला आणि मासा घेऊन परत आला. बास. हा पक्षी मासे पकडतो, मेलेले उचलतो, इतरांचे हिसकावतो, कोळ्यांच्या होड्यांमागे जातो. विणीच्या मुलखात तो कवचधारी प्राणी, कीटक, जमिनीत बिळे करणाऱ्या खारी, इतर पक्ष्यांची अंडी-पिले यांवरही ताव मारतो. आवाज त्याने काढला नाही. काढतो तेव्हा तो खोल, घोगरा, डोमकावळ्याची आठवण देणारा असतो, पण हिवाळ्यात तो बहुधा गप्प राहतो. रशियनमध्ये याचे नाव 'काळ्या डोक्याचा हसणारा' अशा अर्थाचे आहे. कालिदासाची कुररी रडते, रशियनांचा कुरव हसतो आणि उजनीवरचा मुकाट उभा असतो.

ज्याचे नाव त्याला चिकटले तो पीटर सायमन पॅलास १७४१ मध्ये बर्लिनला जन्मला. कॅथरीन द ग्रेटच्या निमंत्रणावरून १७६७ मध्ये तो रशियात गेला आणि १७६८ ते १७७४ अशी सहा वर्षे व्होल्गा, कॅस्पियन, उरल, सायबेरिया असा भटकला. आपल्याकडे माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती तो हा काळ. प्रवासवृत्ताच्या १७७३ च्या खंडात त्याने कॅस्पियनकाठच्या या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला 'इक्थिएटस' हे नाव दिले. या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थ मत्स्यगरुड. आम्ही येथे थबकलो. बर्लिनचा हा विद्वान कालिदास वाचून आलेला नव्हता. 'शाकुंतला'चा जोन्सकृत इंग्रजी अनुवादच १७८९ चा. तरीही मासे मारणारा गरुड आणि पाण्यावरचा कुरव यांची जी सरमिसळ 'कुरर' शब्दात आहे तीच त्याच्या लॅटिन नोंदीत उतरली. पुढे १८२९ मध्ये काउप या जर्मन अभ्यासकाने त्याच शब्दावरून वेगळी प्रजाती कल्पिली. मधली बरीच वर्षे ती कोणी मानली नाही. सगळे मोठे कुरव 'लॅरस' या एकाच प्रजातीत कोंबले गेले. २००५ मध्ये कुरवांच्या जनुकीय नात्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर हे नाव पुन्हा मानाने परतले. आज त्याचे शास्त्रीय नाव 'इक्थिएटस इक्थिएटस' आहे, मत्स्यगरुड दोनदा.

कॅस्पियन हा नावाने समुद्र, पण चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. त्याची पातळी महासागराच्या पातळीहून सुमारे २८ मीटर खाली. याच पक्ष्याची वीण दुसऱ्या टोकाला चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर होते, आणि ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. मध्ये अझोव्हच्या खाजणांपासून कझाकस्तानातील बाल्खाश, आलाकोल आणि पुढे मंगोलियापर्यंत तुटक तुटक पसरलेली तळी, बहुतेक खारी, बहुतेक कोरड्या गवताळ मुलखात. तेथील बेटांवर हे पक्षी दाटीवाटीने जमिनीवरच घरटी करतात, दोन-तीन अंडी घालतात, आणि पिले उडती झाली की दक्षिणेला निघतात: तांबडा समुद्र, इराणचे आखात, भारताचे दोन्ही किनारे, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार. किनाऱ्यावर ते राहतात हे खरे. पण जन्म तळ्यावर, वीण तळ्यावर, आणि पाणी मोठे असेल तर हिवाळाही तळ्यावर. या पक्ष्याला समुद्राचा म्हणणे हे नोकरीच्या गावावरून माणसाचे मूळ गाव ठरवण्यासारखे आहे. आजऱ्याच्या मुलाचा प्रश्न चेखव्हपुरता होता, पण तो या अख्ख्या कुळाला लागू पडतो: आपला तपकिरी डोक्याचा कुरवसुद्धा लडाख-तिबेटच्या तळ्यांवर जन्मतो. चेखव्हने आपला 'चायका' नेमका कोणता हे सांगितलेले नाही. तो स्वतः अझोव्हकाठच्या तागानरोगचा, एवढे नोंदवून पुढे जातो.

दक्षिण कोकण आणि दख्खन येथील पक्ष्यांच्या छापील याद्या प्रथम इंग्रज अधिकाऱ्यांनी केल्या. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याची दक्षिण कोकणची यादी १८८० ची, ई. ए. बटलर यांची दख्खन व 'साउथ मराठा कंट्री'ची, म्हणजे आमच्या या भागाची, १८८१ ची. दोन्ही प्रसिद्ध झाल्या त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे ह्यूम. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी मारायचा. ह्यूम यांनी जमवलेली सुमारे ८२,००० कातडी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेली. आणि ज्या हस्तलिखितांतून भारतीय पक्ष्यांचा महाग्रंथ व्हायचा होता ती नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दीत विकली. पक्षी उरले, त्यांच्याविषयी लिहिलेले गेले. 'सीगल'च्या चौथ्या अंकात शामरायेव्ह कपाटातून पेंढा भरलेला कुरव काढतो आणि त्रिगोरिनला सांगतो की हा तुम्हीच करायला सांगितला होता. त्रिगोरिनला काही आठवत नाही. तो प्रसंग आम्ही आता ह्यूम यांच्या कातड्यांशिवाय वाचू शकत नाही.

उजनीचा मोठा जलाशय विडाल-बटलर यांच्या काळी नव्हताच. भीमेवरचे हे धरण पूर्ण झाले १९८० मध्ये. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, नाव यशवंतसागर. नावात पुन्हा सागर, पण आहे तळे. कोरड्या मुलखातले, उथळ काठांचे, मासळीने भरलेले विस्तीर्ण तळे: मध्य आशियातून आलेल्या कुरवाने ओळखीचे म्हणून उतरावे असेच. त्याच दशकांत त्याच्या वाटेवरचा अरल समुद्र आटत होता. १९६० नंतर अमू दर्या आणि सीर दर्या यांचे पाणी कापसाकडे वळवले गेले म्हणून. तिकडे कापसासाठी एक पाणी नाहीसे झाले, इकडे उसासाठी दुसरे निर्माण झाले. दोन्ही ठिकाणी माणसे उठली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. आमच्या होडीवाल्याने पाण्यातल्या एका जागेकडे वल्हे दाखवून सहज सांगितले, "आमच्या आज्याचं घर हितं खाली." त्या जागेपासून मातीचा पट्टा आणि त्यावरचे तीन कुरव शे-दीडशे पावलांवर असतील. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ ची. ती आम्ही दरवर्षी शिकवतो. त्या कादंबरीतल्या माणसांसारखी माणसे ज्या पाण्याने उठवली त्यावरच पक्षी वसतात, ही गोष्ट आमच्या टिपणांत मात्र कधी आलेली नव्हती.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत या पक्ष्यांची बातमी येते आणि मथळा ठरलेला असतो: 'परदेशी पाहुण्यांचे आगमन'. बहुधा 'सायबेरियातून'. चौकट, छायाचित्र, आणि 'पाहुण्यांचा पाहुणचार' अशी कोटी. आम्हाला हा शब्द आता खटकतो. हा कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, मार्च-एप्रिलात जातो. वर्षातले पाच-सहा महिने जेथे काढायचे तेथे तो पाहुणा कसा? शिवाय पाहुण्याविषयीचा जिव्हाळा किती पातळ असतो हे लवकरच दिसले. मे २००५ मध्ये चिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांहून अधिक पक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंस होते तसे हे कुरवही होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत हा रोग आढळला, आणि कालचे पाहुणे पाहता पाहता संशयित झाले. चर्चेत बोट कोंबड्यांच्या व्यापाराकडे जाण्याआधी आकाशाकडे गेले.

असो. परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्या पट्ट्यापाशी होडी थांबवली. वारा पडला होता. दोघे तेथेच होते, टोपीवाला दिसला नाही.

या वर्षी 'सीगल' शिकवताना फळ्यावर 'समुद्रपक्षी' लिहिले नाही. 'कुरव' लिहिले, आणि तळ्याचे एक वेडेवाकडे चित्र काढले. आजऱ्याचा तो विद्यार्थी केव्हाच एम. ए. होऊन गेला आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने शब्द उतरवून घेतला, वर पाहिले आणि विचारले, "सर, पण कोणता कुरव?"